चाळीस दिवसांची नोंदवही

मंगळवार, ४ मार्च २०२५ (तयारी)

कामाच्या ठिकाणी कित्येक वर्षं प्रकल्पांच्या नोंदी ठेवतो आहे. काय ठरलं, काय झालं, कुठे अडलं. स्वतःच्या आत्मिक आयुष्याची मात्र एक ओळ कुठे लिहिलेली नाही. कुणी विचारलं की "चाललंय, प्रभूच्या कृपेनं" म्हणतो. दहा वर्षांपूर्वीही हेच म्हणत होतो. म्हणून पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या या उपवासकाळात ही वही.

कालावधी उद्याच्या राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारपर्यंत. मोजले तर ४६ दिवस, सहा रविवार वगळले की ४०. रविवार उपवासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस. सवलत मला आवडली.

ठरवलेलं काम: पवित्र शास्त्रातली रोज चार स्तोत्रं, म्हणजे १५० स्तोत्रं ३८व्या दिवशी संपतात आणि दोन दिवस हाताशी उरतात. पहाटे ५ ते ५.४० शांत वेळ. प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा. बुधवारी आणि शुक्रवारी उपवास. शेवटच्या दोन गोष्टी माझ्या डोक्यातल्या नाहीत. 'डिडाखे' नावाच्या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती लिखाणात त्या आहेत: सोमवारी आणि गुरुवारी नको, बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करा, प्रभूची प्रार्थना रोज तीन वेळा म्हणा.

रकाने: उठलो ती वेळ, स्तोत्रं, प्रार्थनेची मिनिटं, आणि शेवटचा रकाना ठिपक्यांचा. ही युक्ती लोयोलाच्या इग्नेशियसची. त्याची 'आत्मिक साधना' १५४८ मध्ये छापली गेली. तीत तो सांगतो की एकच दोष निवडा, रोजच्या दोन रेघा आखा, जितक्या वेळा घसराल तितके ठिपके द्या, मग कालच्या रेघेशी आजची ताडून पाहा. पावणेपाचशे वर्षांपूर्वीचा प्रगती-तक्ता! मी निवडलेला दोष: आवाज चढणं.

बुधवार, ५ मार्च

४.४५ ला उठलो. स्तोत्रं १ ते ४. ४० मिनिटं पूर्ण. ठिपके २.

कपाळावर राख. "तू माती आहेस" हे ऐकताना मनात उद्याचं वेळापत्रक चालू होतं.

गुरुवार, ६ मार्च

स्तोत्रं ५ ते ८. मिनिटं ४०, पण खरी किती ते देव जाणे. घड्याळ समोर ठेवलं होतं आणि पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सात मिनिटंच झाली होती. माझी अपेक्षा वीसची.

शनिवार, ८ मार्च

मन भटकतं त्यावर उपाय म्हणून प्रार्थना मोठ्यानं म्हणून पाहिली. फरक पडला. मनातल्या मनात वाक्य अर्धवट सोडता येतं, तोंडानं म्हणताना ते पुरं करावं लागतं. विनंत्यांची यादीही केली, १४ नावं, एका दिवशी दोन. सगळी नावं रोज घ्यायला गेलो की हजेरी घेतल्यासारखं होतं.

१३वं स्तोत्र आज आलं. पहिल्या दोन वचनांत चार वेळा तोच प्रश्न: किती काळ? इतक्या उघड तक्रारीला पवित्र शास्त्रात जागा आहे आणि आपण मात्र प्रार्थनेत नीटनेटकी वाक्यं शोधत बसतो.

मंगळवार, ११ मार्च

आठवडाभर सगळं ठरल्याप्रमाणे. तेवीसावं स्तोत्र आज होतं, पाठ असल्यामुळे डोळे त्यावरून नुसते घसरले. ठिपके १.

तक्ता छान दिसतो आहे. भिंतीवर लावावासा वाटला. लावला नाही.

गुरुवार, १३ मार्च

अडथळा. लिहून ठेवतो, कारण गेल्या आठवड्यापासून आहे आणि मी तो नोंदवलेला नाही.

माझ्या खोलीतला दिवा लागला की बाबा जागे होतात. पलीकडच्या खोलीतून हाक येते, "अरे, कुलूप लावलंस का?" मी सांगतो, "हो बाबा, लावलंय." पाच मिनिटांनी पुन्हा तीच हाक. त्यांना विसर पडतो. डॉक्टरांनी समजावून सांगितलंय, मलाही कळतं. पण स्तोत्राच्या मध्यावर तिसऱ्यांदा हाक आली की कळलेलं सगळं बाजूला राहतं.

उपाय: उद्यापासून दार लावून घ्यायचं. तसं वचनही आहे, मत्तय ६:६, आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे.

शनिवार, १५ मार्च

दार लावल्यामुळे उत्तम. ४० मिनिटं सलग. स्तोत्रं ३७ ते ४०. हाका ऐकू येतात, पण पुसट.

सोमवार, १७ मार्च

झोप. बसल्या बसल्या लागली, १५ मिनिटं गेली. गेथशेमाने बागेत शिष्यांकडे प्रभू तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा ते झोपलेले सापडले, हे आज फार जवळचं वाटलं. एक तासही जागवलं नाही का, एवढं तो विचारतो. पण पुढच्याच वाक्यात आत्मा उत्सुक आहे, देह अशक्त आहे असं त्यांच्या बाजूनंही बोलतो.

उद्यापासून उभं राहून.

बुधवार, १९ मार्च

उपवास. ठिपके ५.

शुक्रवार, २१ मार्च

उपवास. ठिपके ६. दार लावलेलं असूनही. दार उघडल्यावर, खरं तर.

शनिवार, २२ मार्च

तक्ता पूर्ण पसरून पाहिला. ज्याला आकड्यांची सवय आहे त्याला हे दिसायला तीन आठवडे लागू नयेत: सगळ्यात जास्त ठिपके बुधवारी आणि शुक्रवारी. उपवासाच्या दिवशी माझा आवाज इतर दिवसांच्या दुप्पट वेळा चढतो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तो एकाच माणसावर चढतो.

यशया ५८ काढलं. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला तो तू पाहत का नाहीस? आणि देव म्हणतो, उपास करता आणि भांडता. पुढे खरा उपास कुठला त्याची यादी आहे. भुकेल्याला वाढणं, उघड्याला पांघरूण देणं, इथपर्यंत मान डोलवत वाचलं. त्यातलं शेवटचं कलम आपल्या रक्ताच्या माणसापासून तोंड न लपवण्याचं आहे. हा अध्याय मी कितीतरी वेळा वाचलाय. शेवटचं कलम लक्षात राहिलं नव्हतं.

रविवार, २३ मार्च

आज मोजणी नाही. उपासनेनंतर पाळकांशी थोडा वेळ बोललो. वहीबद्दल सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "लूक अठरातला परूशीही नोंद ठेवून होता." त्या दाखल्यात हा कर्मठ धर्मपंथाचा माणूस देवापुढे हिशेब मांडतो: आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशमांश. माझेही आठवड्यातून दोनच उपास आहेत. राग आला. ठिपका द्यावा का? आवाज चढला नव्हता, म्हणून नाही दिला.

घरी येताना विचार केला की मग प्रयत्नच करू नये काय? प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, भक्तीचा व्यायाम कर म्हणतो, आणि व्यायाम म्हटला की वेळ, सवय, मोजणी आलीच. पेत्र दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला होता होईल तितका प्रयत्न करून विश्वासाला सात्त्विकतेची, सात्त्विकतेला ज्ञानाची जोड द्या म्हणतो. फिलिप्पैकरांस पत्रात तर दोन्ही गोष्टी एका दमात आहेत: भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात घडवणारा देवच आहे. 'पण' नाही, 'कारण'. हा 'कारण' मला अजून पुरता उमगलेला नाही.

या एका प्रश्नावर पाचव्या शतकात ख्रिस्ती मंडळी ढवळून निघाली होती. बिशप ऑगस्टीन देवाला म्हणतो, तू जे फर्मावतोस ते पाळायची शक्ती तूच दे, मग हवं ते फर्माव. हे वाक्य कुणीतरी पेलागियसपुढे, माणसाच्या स्वतःच्या प्रयत्नावर भर देणाऱ्या शिक्षकापुढे, म्हटलं तेव्हा त्याला ते सहन झालं नाही. माणूस मग करणार काय, हात बांधून बसणार? ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेनं पेलागियसची शिकवण अमान्य केली. मी कागदावर ऑगस्टीनच्या बाजूचा आहे. माझा तक्ता पेलागियसच्या बाजूचा आहे.

मंगळवार, २५ मार्च

स्तोत्रं ६९ ते ७२. सगळी वाचली नाहीत. ७१ च्या नवव्या वचनावर थांबलो: उतारवयात माझा त्याग करू नकोस, माझी शक्ती क्षीण होत असता मला सोडू नकोस.

हे वाचत होतो तेव्हा दाराबाहेर तिसरी हाक चालू होती.

दार उघडलं नाही. नोंद म्हणून लिहितो. उरलेली ११ मिनिटं पूर्ण केली आणि मग उघडलं.

बुधवार, २६ मार्च

रात्रभर नीट झोप नाही. आज स्तोत्रं सोडून मार्कचा सातवा अध्याय उघडला, कारण एक शब्द डोक्यात घोळत होता: कुर्बान.

प्रसंग असा. परूशी प्रभूला विचारतात की तुझे शिष्य वाडवडिलांचा रिवाज का पाळत नाहीत. त्यावर तो त्यांच्याच एका रिवाजावर बोट ठेवतो. आईबापांना माझ्याकडून जे मिळायचं ते मी कुर्बान, म्हणजे देवाला अर्पण, म्हणून जाहीर केलं की झालं. मग आईबापांसाठी काही करायची गरज उरत नाही. आणि हे सगळं कायदेशीर, भक्तीच्या नावानं! पाचवी आज्ञा मोडायला यांना देवाचंच नाव सापडलं.

माझी पहाटेची ४० मिनिटं कुर्बान आहेत. बाबांना माझ्याकडून जे मिळायचं, म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर, फार तर चार वेळा, ते मी देवाला अर्पण करून टाकलं आणि वर दाराला मत्तय ६:६ ची कडी लावली. ते वचन रस्त्याच्या कोपऱ्यावर दाखवण्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांना उद्देशून आहे. म्हाताऱ्या बापाची हाक ऐकू येऊ नये म्हणून नाही.

एवढं लिहूनही एक शंका उरते आणि ती बाजूला सारत नाही. प्रभू स्वतः पहाटे अंधारात उठून एकांतात गेला होता (मार्क १:३५), सगळे त्याला शोधत असताना. एकांत चुकीचा नाही. मग कधी दार लावायचं आणि कधी उघडायचं?

गुरुवार, २७ मार्च

सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टचा मठवासीयांसाठीचा नियम चाळला. ७३ छोटी प्रकरणं. त्याच्याकडे १५० स्तोत्रं एका आठवड्यात संपतात, आणि त्यावरही तो म्हणतो की आपले पूर्वज एका दिवसात म्हणत, आपण कोमट माणसं निदान आठवड्यात तरी म्हणू. माझ्या चाळीस दिवसांची तिथेच वासलात लागली.

पण मी शोधत होतो ते वेगळं होतं. ४३व्या प्रकरणात तो सांगतो, उपासनेची घंटा झाली की हातातलं काम टाकून या, देवाच्या कामाआड काहीही येऊ नये. आणि ३६व्यात: सगळ्यांत आधी आणि सगळ्यांहून अधिक काळजी आजाऱ्यांची घ्यावी, प्रत्यक्ष ख्रिस्ताची सेवा करतो आहोत अशी. म्हणजे पहिल्या नंबरावर दोन गोष्टी. कामावर असा आराखडा कुणी आणला असता तर मी परत पाठवला असता. बेनेडिक्ट मात्र शांतपणे दोन्ही लिहून मोकळा झालाय. मठात माणसं पुष्कळ, एक स्तोत्र म्हणेल, एक आजाऱ्यापाशी बसेल, हे खरं. माझ्या घरात दोघंच.

बदल: पहाटेच्या शांत वेळेची २० मिनिटं, दार उघडं. स्तोत्रं संध्याकाळी, बाबांच्या खोलीत, मोठ्यानं. रोज चार होणार नाहीत. ७३ पासून पुढे.

शनिवार, २९ मार्च

संध्याकाळी दोन स्तोत्रं झाली. बाबा मधेच झोपले, मधेच जागे झाले. एकदा मी शब्द चुकलो तर न बघता दुरुस्त केला. सकाळी काय झालं ते त्यांना दुपारी आठवत नाही, हा शब्द आठवतो.

बुधवार, २ एप्रिल

उपवास सोडला नाही, पण सकाळी उठल्यावर आधी बाबांपाशी बसलो आणि मग बाकीचं. ठिपके २. बुधवारचा आतापर्यंतचा सगळ्यात कमी आकडा पहिल्या दिवशीचा, तोही २. म्हणजे प्रगती शून्य, असंही म्हणता येईल.

शुक्रवार, ४ एप्रिल

कोरडा दिवस. आज ८८वं आलं. १५० मधलं हे एक असं आहे की शेवटीही ढग फाटत नाहीत. मूळ इब्री पाठात शेवटचा शब्द काळोख. मोठ्यानं वाचताना मला कसंसंच झालं, बाबांना उगीच वाचून दाखवलं असं वाटलं. ते म्हणाले, "बरोबर आहे." बस, एवढंच. काय बरोबर, ते विचारलं नाही.

चौथ्या शतकातल्या इव्हाग्रियसनं वाळवंटातल्या साधूंच्या एका विकाराचं वर्णन केलंय: दुपार सरता सरत नाही, साधू सारखा सूर्याकडे बघतो, कोठडीच्या बाहेर डोकावतो, आपल्याला इथे कुणी विचारत नाही असं त्याला वाटू लागतं. कंटाळा म्हणावा तर तो जास्त खोल आहे. त्याचं औषध साधं होतं: कोठडी सोडू नका. मी आज २० मिनिटं बसलो. काहीच झालं नाही. उठलो.

सोमवार, ७ एप्रिल

ताईचा फोन. तिला वहीचं सांगितलं. म्हणाली, "मग, वाढलास का?" हसण्यावारी नेलं, पण दिवसभर प्रश्न सोबत होता.

गलतीकरांस पत्र, पाचवा अध्याय. देहाची 'कर्मे' अनेकवचनी, आत्म्याचं 'फळ' एकवचनी. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन: नऊ नावं, पण फळ एकच. मी नऊ रकाने करायच्या बेतात होतो.

आणि फळाचं मोजमाप झाडानं करायचं नसतं बहुधा. बाबांना विचारायला हवं, पण त्यांना गेल्या आठवड्यातला मी आठवणार नाही.

बुधवार, ९ एप्रिल

आज क्रम मोडला. ठरल्या आराखड्यानुसार आजच्या तारखेला १२१वं होतं, पण आम्ही अजून नव्वदीतच. तरी तेच वाचलं, कारण संध्याकाळी कुलुपाचा प्रश्न चार वेळा झाला होता आणि त्या स्तोत्रात राखणारा आहे. तो डुलकी घेत नाही, झोपत नाही, आणि शेवटी तुझं जाणंयेणं राखील असं वचन.

वाचून झाल्यावर बाबा म्हणाले, "हां. पण कुलूप लावलंस का?"

हसू आलं. मग पहिल्यांदाच, का कोण जाणे, उत्तर देण्याऐवजी विचारलं, "कुठलं कुलूप, बाबा?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मलाच विसर पडला असावा अशी ती नजर. "अरे, मंदिराचं. उपासना झाली ना? दिवे मालवलेस? मागची खिडकी?"

मंडळीच्या मंदिराच्या, म्हणजे चर्चच्या, चाव्या कितीतरी वर्षं बाबांकडे होत्या. संध्याकाळची उपासना संपली, माणसं पांगली की ते शेवटी निघायचे. मी लहान असताना बाहेर पायरीवर ताटकळत बसायचो. चाव्या दुसऱ्यांकडे जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. मला वाटत होतं ते आमच्या घराच्या दाराबद्दल विचारताहेत. महिनाभर मी चुकीच्या कुलपाचं उत्तर देत होतो.

"मालवले बाबा. मागची खिडकीही लावली."

"बरं," म्हणाले आणि झोपले. रात्रभर पुन्हा हाक नाही.

गुरुवार, १० एप्रिल

काल खोटं बोललो का? यावर सकाळची बरीच मिनिटं गेली. मंदिराला कुलूप होतं, कुणीतरी लावलंच होतं, दिवेही कुणीतरी मालवले. 'मी' एवढाच भाग खोटा. आजपासून "लावलं आहे, बाबा" असं म्हणायचं ठरवलं. वकिली आहे, मान्य.

रविवार, १३ एप्रिल (झावळ्यांचा रविवार)

मार्क ४:२६–२९ वर बराच वेळ बसलो. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, बी रुजतं आणि वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. हा दाखला चार शुभवर्तमानांपैकी एकट्या मार्कात आहे. जमीन 'आपोआप' पीक देते. ग्रीकमध्ये तिथे जो शब्द आहे त्यातूनच आपला 'ऑटोमॅटिक' आला. पण पेरायला तोच गेला होता आणि पीक आल्यावर विळाही तोच घालतो. मधल्या काळात मात्र झोपतो. २३ मार्चचा 'कारण' इथे थोडासा हलला.

गुरुवार, १७ एप्रिल

प्रभुभोजन. पाय धुण्याचं वचन (योहान १३) वाचलं गेलं. घरी आल्यावर बाबांचे पाय चेपले, धुतले नाहीत. धुतले असते तर नाटक झालं असतं.

शुक्रवार, १८ एप्रिल (गुड फ्रायडे)

उपवास. ठिपके ३. त्यातला एक मोठा. थकलो होतो, तिसऱ्या हाकेला ओरडलो. आज, या दिवशी. नंतर जाऊन माफी मागितली. बाबांना कशाची ते आठवत नव्हतं, म्हणाले, "असू दे." ज्याला अपराधच आठवत नाही त्यानं केलेली क्षमा क्षमेत धरावी का, याचा विचार करत झोपलो.

शनिवार, १९ एप्रिल (चाळिसावा दिवस)

आकडे, कारण तसं ठरलं होतं. लक्ष्य १५० स्तोत्रं, प्रत्यक्षात ११२. शिवाय १२१वं, नऊ वेळा. पहाटेची शांत वेळ चुकली ६ दिवस. उपवास चुकला नाही. ठिपक्यांचा आलेख सरळ खाली आलेला नाही.

रविवार, २० एप्रिल

पुनरुत्थानाची उपासना. बाबांना घेऊन गेलो, बऱ्याच महिन्यांनी. हल्ली चाव्या ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याशी मी आधीच बोलून ठेवलं होतं. उपासना झाल्यावर त्यांनी आनंदानं कुलूप बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते उलटसुलट पाहिलं आणि परत केलं. "तुमचं काम आहे ते, मला कशाला?" म्हणाले आणि पायऱ्या उतरू लागले.

रात्री साडेनऊला हाक आली. "अरे, कुलूप लावलंस का?"

सोमवार, २१ एप्रिल

नवीन पान. मिनिटांचा रकाना काढला, ठिपक्यांचा ठेवला. १४ नावांच्या यादीत आणखी एक घातलं, वर. आज संध्याकाळी ११३ पासून पुढे, बाबा जागे असतील तोवर.